चौथा मजला देणे आहे, तळमजला घेणे आहे

बाबांचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: रोज सपाट जमिनीवर चालायचं आणि जिने टाळायचे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. सपाट जमीन गाठायची तर जिना लागणार. जिना टाळायचा तर सपाट जमीनही टळणार. बाबांनी दोन्ही बाजूंनी शांतपणे विचार केला आणि दोन्ही टाळलं.

“मग घरात चाला ना,” मी म्हणालो.

“घरात चाललं की भिंत येते.”

यात खोटं काहीच नव्हतं. गुडघ्याला जरा लय सापडते न सापडते तोच कपाट आडवं यायचं. मग वळा. वळताना गुडघा रुसायचा. मग बसा.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. चार जिने चढून आल्यामुळे पहिला व्यायाम तिचाच झालेला असायचा. एकदा जाताना तिने मला दाराबाहेर बोलावलं. “दादा, गुडघा आखडत चाललाय. आत्ता जमिनीवर रोज चालले तर चालतील. पण असेच बसून राहिले ना, तर मग बसलेच. नंतर राजवाडा मिळाला तरी खुर्चीतून बघावा लागेल.”

मी लिफ्टच्या कंपनीत कामाला आहे. लिफ्ट दुरुस्त मी करत नाही. लिफ्टमध्ये अडकलेले लोक आतलं बटण दाबतात तेव्हा पलीकडून जो आवाज येतो, तो मी. ‘घाबरू नका, आत हवा येते आहे, माणूस निघाला आहे,’ एवढं मी दिवसभर म्हणतो. यातलं पहिलं सल्ला, दुसरं विज्ञान आणि तिसरं आशा. संध्याकाळी घरी यावं तर बाबा चौथ्या मजल्यावर अडकलेले. त्यांच्याकडे बटण नव्हतं, एवढाच फरक.

आमचं घर आमचं नव्हतं, गृहनिर्माण मंडळाचं होतं. सगळी वसाहतच मंडळाची. कमी भाड्याची घरं, मंडळ देईल त्या मजल्यावर, मंडळ ठेवील तोवर. बाबांची सगळी नोकरीही याच मंडळात झाली. कुणी घर सोडून गेलं की त्या रिकाम्या घरात सगळ्यांत आधी बाबा जायचे. हातात स्क्रूड्रायव्हर. त्याची मूठ भिंतीवर ठोकत खोलीभर फिरायचे. टक्क वाजलं तर भिंत पास. भद्द वाजलं तर प्लास्टर सुटलंय, आत ओल आहे, भिंत नापास. बाबांनी पास केल्याशिवाय पुढच्या कुटुंबाच्या हातात किल्ली पडायची नाही. लोक त्यांना ठकठक म्हणत. तोंडावर ठकठकसाहेब. बाबांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही आवडायचं.

तेव्हा मी मंडळात गेलो आणि तळमजला मागितला.

“रांग आहे,” तिथल्या मॅडम म्हणाल्या.

“केवढी?”

“वडिलांचं वय काय?”

मी सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

“मग मोठी आहे.”

दुसरा रस्ताही त्यांनीच दाखवला. अदलाबदल. मंडळाच्या दोन भाडेकरूंनी एकमेकांची घरं बघायची, दोघांना पसंत पडली तर मंडळाची हरकत नसते. “स्थळं बघतात तसंच,” मॅडम म्हणाल्या, “फक्त इथे पसंती झाली की दोघांनीही सासरी जायचं.”

मी वसाहतीतल्या दुकानाबाहेर पाटी लावली. चौथा मजला देणे आहे, तळमजला घेणे आहे. दोन खोल्या. हवा, उजेड भरपूर. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “हवा भरपूर का आहे तेही लिही. खिडकी नीट लागत नाही.”

“ते ते येऊन बघतील.”

“मग ‘येऊन बघा’ लिही. फसवणूक नको.”

तळमजले यायला लागले. आता ते बघायचे कुणी? बाबा उतरणार नाहीत. म्हणून असं ठरलं की बघायला मी जायचं आणि ऐकायचं बाबांनी. मी परक्या माणसाच्या न्हाणीघरात उभा राहायचो, एका हाताने फोन भिंतीला टेकवायचा, दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हर ठोकायचा. फोनमधून आज्ञा यायच्या.

“डावीकडे. आणखी. खाली. अरे, नळावर कशाला मारतोस? खाली. हं.”

“काय?”

“नापास.”

पहिलं घर एका ड्रायव्हरचं होतं. तो दारात टॉवेल घेऊन उभा होता, कारण त्याला अंघोळीला जायचं होतं.

“काय झालं?”

“भिंत नापास झाली.”

“कशात?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “तोंडी परीक्षेत.”

दुसरं घर एका निवृत्त नर्सबाईंचं. त्या पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “आयुष्यभर माणसांच्या छातीला नळी लावलेली बघितली. भिंतीला पहिल्यांदाच बघतेय. वाचेल ना?” वाचली नाही. स्वयंपाकघराच्या बाजूने बाबांना ओल ऐकू आली.

तिसऱ्या घरात मी फोन भिंतीला टेकवला आणि स्क्रूड्रायव्हर खिशात शोधत होतो, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, “नापास.”

“बाबा, मी अजून ठोकलंच नाही.”

“अंदाज आला.”

तिथे मला पहिल्यांदा वाटलं की भानगड भिंतींची नाही. पण वडिलांना विचारायचं कसं? आमच्या घरात गुडघ्याबद्दल बोलायची पद्धत होती, गुडघ्याच्या मालकाबद्दल नव्हती.

मग शिवणवाल्या ताईंचा निरोप आला. अंगणापलीकडे समोरच्याच इमारतीत, तळमजल्यावर, एकच खोली. ताई, ताईंची दोन मुलं, ताईंच्या सासूबाई आणि शिलाई मशीन. नवरा परगावी कामाला, तो सुट्टीत यायचा तेव्हा मशीन दाराबाहेर जायचं. मुलं कापड बेतायच्या टेबलाखाली झोपायची. मोठी मुलगी आता पाय लांब करून झोपली की पाय टेबलाबाहेर येत, आणि ताई मापं घेताना चुकून तेही मोजत. हे ताईंनीच सांगितलं, हसत. पण टेप गळ्यातच होता, म्हणून खोटं वाटलं नाही.

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी आत शिरल्यापासून त्या खिडकीवर चार थापा पडल्या. एक पार्सलवाला: “आजी, तिसऱ्या मजल्यावरचे नाहीत, ठेवून घ्या.” एक पोरगं: “आजी, बॉल.” एक बाई: “आजी, ह्यांना किल्ली द्या, मी येते.” चौथ्याने नुसतंच विचारलं, “आजी, किती वाजले?”

“बघितलंस?” आजी मला म्हणाल्या. “तळमजला म्हणजे घर नाही रे बाबा, चौकशीची खिडकी आहे. मी इथे आल्यापासून एक डुलकी सलग काढली नाही. तुमचा चौथा मजला म्हणजे पक्कं ना? मध्ये तिसरा-बिसरा निघायचा नाही?”

“चौथाच आहे. पण आजी, चढणं-उतरणं…”

“चढेन एकदा. उतरायचं कशाला?”

मी फोन लावला आणि भिंतीला टेकवला. टक्क. टक्क. सगळी खोली टक्क वाजली. मलाही कळलं. फोनमध्ये मात्र बाबा गप्प.

“बाबा?”

“कोपऱ्यात घे.”

कोपऱ्यातही टक्क. मी वाट बघतोय तोच आजींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“कोण, ठकठकभाऊ का?”

“हो. आपण कोण?”

“मी कोण ते राहू दे. हे घर आम्हाला मिळालं तेव्हा पास कुणी केलं होतं?”

फोनमध्ये काहीतरी पुटपुटणं.

“मोठ्याने बोला भाऊ.”

“मी.”

“मग आता नापास करताय?”

“बाई, तेव्हा रिकामं होतं. मधल्या काळात त्यात माणसं राहिलीत.”

“म्हणजे माणसं राहिली की घर बिघडतं?”

“नियमाने बघायला गेलं तर, हो.”

आजींनी फोन मला परत दिला. “उद्या मी तुमचं घर बघायला येते म्हणावं. वडिलांना सांग, तयार राहा.”

दुसऱ्या दिवशी आजी, ताई आणि दोन्ही मुलं आली. आजी प्रत्येक मजल्यावर थांबत, तिथल्या दारांवरच्या पाट्या वाचत, एखादी हसण्यासारखी असली तर हसत, अशा चढल्या. आत आल्या, बाबांकडे मान हलवली, पदराआडून पळी काढली आणि आमची भिंत ठोकायला सुरुवात केली. आमटीची स्टीलची पळी होती. त्यांना त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. भिंतीवर ठोकलं, मग खुर्चीवर, मग फ्रीजवर, मग बाबांच्या डोक्यामागच्या फोटोवर. बाबा खुर्चीचे हात धरून बसले होते. मी त्यांना इतकं घाबरलेलं फक्त ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाहिलं होतं.

“पोकळ आहे,” आजी फ्रीजपाशी म्हणाल्या.

“तो फ्रीज आहे,” बाबा म्हणाले.

“मग भरा काहीतरी त्यात.”

ताई जीव मुठीत घेऊन खोल्या बघत होत्या. कपाट कुठे राहील, मशीनला उजेड कुठला, हे त्या बोटाने हवेत लिहीत होत्या आणि लगेच पुसतही होत्या. एवढ्यात मोठी मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. आई होती तेव्हा ती आईची खोली होती; तिला बांगड्यांची, औषधांची आणि रेडिओची सवय होती. आता त्यात इस्त्रीचा बोर्ड होता.

“आजोबा, इथे कोण झोपतं?”

“कोणी नाही.”

“मग ही खोली काय करते?”

बाबा जन्मभर घरं कुटुंबांना देत आलेले. या घरात कोण मावेल, त्या घरात कोण नाही, हे त्यांच्या हाडात बसलेलं. खोली काय करते, असं त्यांना मंडळातही कुणी विचारलं नसेल. मुलगी उत्तराची वाट न बघता आत गेली आणि जमिनीवर उताणी पडून हात-पाय पसरले. कशाला लागेनात. तिने आणखी ताणले. तरीही लागेनात.

आजी तोवर दाराबाहेर जिन्याकडे बघत होत्या.

“भाऊ, हा जिना तुम्ही शेवटचा कधी उतरलात?”

“गुडघा.”

“उतरता येत नाही, का उतरत नाही?”

“चहा घेणार का?” बाबा म्हणाले.

ते सगळे गेल्यावर बाबा बराच वेळ आतल्या खोलीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, “दे त्यांना.” आणि थोड्या वेळाने, कुणीतरी हरकत घेतल्यासारखं, “घर आहे ते. वापरायला नको?”

अदलाबदलीचा दिवस मंडळाच्या नियमाप्रमाणे पार पडला. नियम असा, की तुमचं घर रिकामं करून किल्ली दिल्याशिवाय त्यांची किल्ली मिळणार नाही, आणि त्यांचं घर रिकामं करून किल्ली दिल्याशिवाय तुमची मिळणार नाही.

“मग आधी कोण?” मी मॅडमना विचारलं.

“दोघंही.”

“आणि सामान?”

“तो तुमचा आपसातला प्रश्न आहे.”

तेव्हा दोन्ही संसार अंगणात आले. आमचा सोफा, त्यांचं टेबल, आमची गादी, त्यांचं मशीन. एक गृहस्थ येऊन आमच्या सोफ्यावर बसले आणि पेपर वाचू लागले. अर्ध्या तासाने त्यांनी पंखा लावता येईल का असं विचारलं. एका बाईंना ताईंचा आरसा पसंत पडला, पण तो विकायचा नाही म्हटल्यावर त्यांनी निदान केस तरी नीट करून घेतले. ताई मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाची बाही शिवत होत्या, कारण दिलेला शब्द. आजी तेवढ्या खिडकीपाशी नव्हत्या. त्या आधीच वर जाऊन रिकाम्या घरात जमिनीवर बसल्या होत्या. कुणाला भेटायला त्या खाली येईनात.

बाबा उतरले ते सामानात. दोन हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. एकाने मला विचारलं, “हे नाजूक आहे का?” मी हो म्हणालो. मग त्यांनी दुसऱ्या मजल्यावर विश्रांती घेतली, बाबांना तिथल्या एका दारासमोर ठेवलं, आणि त्या दारातून बाहेर आलेल्या माणसाने बाबांना बघून, “आम्ही काही मागवलं नाहीये,” असं सांगितलं. खाली आल्यावर अंगणातून ते थेट नव्या घरात गेले. त्यांचा पाय जमिनीला लागला नाही. हमालांनी त्यांना कपाटाच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि ते निघून गेले.

“वळवू का?” मी विचारलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “ही भिंत बघायचीच होती.”

आता दाराबाहेर दोन पायऱ्या आणि पुढे अंगणच अंगण. गोल चक्कर मारली तर घसा कोरडा पडेल एवढी सपाट जमीन. मी नवे बूट आणले. बाबांनी ते घालून बघितले आणि घालून बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उन्हं आहेत. मग म्हणाले, अंगण आत्ताच कुणीतरी धुतलंय. मग म्हणाले, लाद्या एका पातळीत नाहीत. लाद्या बसवणारा माणूस त्यांना ठाऊक होता, त्याचा एक डोळा कमी बघायचा. खिडकीवर थापा पडतच होत्या, कारण आजी गेल्याची बातमी सगळीकडे पोचली नव्हती. बाबा आतूनच म्हणायचे, “आजी चौथ्या मजल्यावर गेल्या.” लोक हळहळायचे. एकाने तर हात जोडले.

व्यायामाची मुलगी आली, पहिल्यांदाच धापा न टाकता. इकडेतिकडे बघून म्हणाली, “काका, आता काय अडचण?”

बाबांनी लाद्यांचं सांगितलं. जाताना तिने माझ्याकडे तसंच बघितलं, मंडळातल्या मॅडमसारखं.

त्या संध्याकाळी मी चिडलो. मी सहसा चिडत नाही. कंपनीत त्याचेच पैसे मिळतात. पण म्हणालो, एवढं घर सोडलं, आईची खोली सोडली, ती कशासाठी? तुम्ही इथेही खिडकीतूनच जग बघणार असाल तर वरची खिडकी काय वाईट होती? निदान तिथून दूरचं दिसत होतं.

बाबा बुटांच्या नाड्या सोडत होते. त्या बांधलेल्याच नव्हत्या, तरी सोडत होते.

“वर होतो तेव्हा लोक काय म्हणायचे?”

“काय म्हणायचे?”

“बिचारे, जिन्यामुळे अडकलेत. बरोबर? मीही तेच म्हणायचो. जिना वाईट, मी चांगला.” त्यांनी नाडीची गाठ बांधली आणि परत सोडली. “इथे काहीच वाईट नाही. दार आहे, अंगण आहे. इथे पाय टाकला आणि नाही जमलं, तर मग कुणाचं नाव घेऊ?”

मला माझी तिन्ही वाक्यं आठवली. घाबरू नका म्हणणं बरोबर नव्हतं, घाबरण्यासारखंच होतं. हवा येतच होती. आणि माणूस निघाला आहे, असं तर म्हणताच येईना. निघायचं त्यांनाच होतं.

मी चहा टाकला. बाबांनी माझ्या कपाचा कान तुटलाय असं सांगितलं, मी माहीत आहे म्हणालो.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर दार सताड उघडं आणि आत बाबा नाहीत. मी न्हाणीघरात बघितलं, कपाटामागे बघितलं. घर एका खोलीचं असल्यामुळे शोध लवकर संपला. काळजी करायलाही पुरेशी जागा नव्हती. एवढ्यात खिडकीवर थाप पडली. पार्सलवाला.

“तिसऱ्या मजल्यावरचे नाहीत, ठेवून घेता का?”

“तुम्ही माझ्या वडिलांना पाहिलंत का?”

“काका? ते मघाशी तणतणत समोर गेले.”

“समोर म्हणजे?”

“समोर म्हणजे समोर.” त्याने अंगणापलीकडे, आमच्या जुन्या इमारतीकडे हात केला. “मी नमस्कार केला. लक्ष नव्हतं त्यांचं.”

मी धावलो. बाबा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसलेले सापडले. कपाळावर घाम, कठड्याला एक हात, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. ज्या जिन्यापासून त्यांना सोडवायला एवढा खटाटोप केला, त्याच जिन्यावर. डॉक्टरांची एक सूचना त्यांनी अखेर पाळली होती, आणि तिच्या शेवटी लगेच दुसरी मोडली होती.

“इथे काय करताय?”

“पाण्याचा कॉक.”

“कुठला कॉक?”

“आपल्या मोरीतला. तो पूर्ण उघडायचा नसतो, थोडा मागे घ्यायचा असतो. पूर्ण उघडला तर आतून पाणी झिरपतं आणि खालच्यांच्या छताला ओल धरते. मी त्यांना सांगायचं विसरलो.” त्यांनी श्वास घेतला. “दुपारी आडवा झालो होतो, एकदम आठवलं. तीन आठवडे झाले असतील. छत गेलं असेल एव्हाना.”

“मग फोन करायचा.”

“फोनवर कॉक कळत नाही.”

“फोनवर भिंती कळत होत्या.”

बाबांनी कठड्याची सळई फार बारकाईने तपासली.

वरून आजींचा आवाज आला. चौथ्या मजल्यावरून त्या खाली वाकून बघत होत्या. “कोण आहे मध्येच?”

“मी आहे,” बाबा म्हणाले. “कॉक पूर्ण उघडलाय का?”

“कॉक? तो पहिल्या दिवशीच उघडला होता. टपटप ऐकू आली तशी सुनेने मागे घेतला. आम्हाला काय कान नाहीत?”

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. इतकं सगळं चढून आल्यावर काम आधीच झालेलं असणं, हे कुणालाही जड जातं.

“वर या चहाला,” आजी म्हणाल्या, “नाहीतर खाली जा. मध्ये बसू नका. मधली जागा मंडळाने अजून कुणाला दिलेली नाही.”

“डुलकी लागते का आता?” बाबांनी विचारलं.

“लागते की. पण उठून बघते तर कुणी हाक मारलेली नसते.” त्या जरा थांबल्या. “होईल सवय.” आणि आत गेल्या.

वर जायला दीड जिना होता, खाली जायला अडीच. बाबांनी खाली ठरवलं. मी पुढे, ते मागे, एका बाजूने वळून, एकेक पायरी. प्रत्येक पायरीवर चांगला पाय आधी की वाईट, हे ते स्वतःशी म्हणत होते, आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. कुणी वर चढताना दिसलं की आम्ही भिंतीला लागून उभे राहायचो आणि तिथे मुद्दामच उभे आहोत असा चेहरा करायचो.

शेवटची पायरी उतरल्यावर बाबा दाराच्या चौकटीत थांबले. पुढे अंगण. उजेड अजून होता. पलीकडे आमचं दार मी उघडंच टाकून आलो होतो.

“येताना कसे आलात?” मी विचारलं.

“माहीत नाही. पाण्याचा विचार करत होतो.”

“म्हणजे चालता आलं.”

“आलं असणार. मी तिथे नव्हतो.”

“आता कशाचा विचार करणार?”

“तेच तर आहे ना,” बाबा म्हणाले. “आता मी इथे आहे.”

मी हात पुढे केला. त्यांनी तो बघितला आणि घेतला नाही. चौकट सोडली नाही, तशीच धरून ठेवली. मला वाटलं आता लाद्या येणार, मग उन्हं येणार, सूर्य मावळतीला असला तरी येणार.

“तू पुढे हो,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“तू बघत असलास की मी तुझ्याकडे बघतो. पुढे हो. आणि वळू नकोस.”

मी निघालो. माझ्या पायांचा आवाज मला नीट ऐकू येत होता. मागून आधी काहीच नाही. मग एक घसटता पाय, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. कुणीतरी आपल्या खिडकीतून टीव्हीचा आवाज वाढवला आणि मला पुढचं ऐकू येईना. वळू नकोस म्हटलेलं. लिफ्टमधल्या लोकांनाही मी दिसत नाही आणि मला ते दिसत नाहीत. पण त्यांच्याकडे माझा आवाज असतो. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं एकही वाक्य खरं नव्हतं.

मी दारापर्यंत पोचलो. पायऱ्या चढलो. मागे कुणीच आलं नाही. मग मी वळलो.

बाबा अंगणाच्या बरोबर मध्ये उभे होते. कशालाही धरलेलं नव्हतं, कारण तिथे धरायला काही नव्हतंच. दोन्ही पाय जरा फाकलेले, स्क्रूड्रायव्हर खिशात. मान वर करून ते आमच्या जुन्या इमारतीकडे बघत होते. पडणार आहेत की काय असं वाटून मी परत त्यांच्याकडे गेलो, पण पळालो नाही.

“ती खिडकी तिरकी आहे,” ते म्हणाले.

“कुठली?”

“आपली. म्हणजे त्यांची. चौथ्या मजल्याची. बघ, उजवीकडे उतार आहे. म्हणून लागत नव्हती.” ते अजून वरच बघत होते. “मी तिला आतून इतक्या वेळा घासलं, तासलं. आतून सरळच दिसते.”

मी बघितलं. खरंच जराशी तिरकी होती. आत दिवा लागला, ताईंचं मशीन चालू झालं असावं, कुणाची तरी सावली हलली.

“सांगायचं का त्यांना?”

“सांगायला हवं,” बाबा म्हणाले. “पण नीट बघून. इथून एकच बाजू दिसते.” त्यांनी अंगणाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट केलं, जिथून इमारतीचा कोपरा दिसतो, आणि त्या बाजूला एक पाय उचलला.